वेग कुणाचा, जीव कुणाचा?

शहरातील वेगमर्यादा कमी करावी की नाही, या वादाचा आपल्या घराशी काय संबंध?

मागील महिन्यात एका रविवारी सायंकाळी आमच्या वस्तीतील समाजमंदिरात बैठक भरली होती. विषय एकच होता. वस्तीसमोरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर वाहनांची वेगमर्यादा कमी करावी, असा अर्ज वाहतूक पोलिसांना द्यावा की नाही? एरवी अशा विषयाला आमच्याकडे चार टाळकी जमतात. त्या दिवशी मात्र सतरंज्या कमी पडल्या. कारण पावसाळ्यात आमच्याच चाळीतील एका मावशींना, धुणीभांड्याची कामे उरकून परतताना, त्या रस्त्यावर एका मोटारीने उडवले होते. मावशी वाचल्या. पायात सळई बसवली आहे. चार घरची कामे होती, त्यांतील तीन सुटली. मोटारवाला थांबलाही नाही.

आम्हांला वाटले होते, ठराव पाच मिनिटांत एकमताने मंजूर होईल. तसे झाले नाही. रिक्षा चालवणारे एक दादा उठून म्हणाले, "भाऊ, तुम्ही तीसचा फलक लावाल. पण कॅमेऱ्यात फोटो माझ्या रिक्षाचा निघेल आणि पावती माझ्या नावाने येईल. मोठ्या गाडीवाल्याला दोन हजार म्हणजे काहीच नाही. माझी मात्र दोन दिवसांची कमाई जाते." त्यांच्या मागोमाग मोटारसायकलवरून जेवणाचे डबे आणि सामान पोचवणारा एक मुलगा बोलला, "काका, आम्हांला मोजून मिनिटं मिळतात. उशीर झाला की रेटिंग पडतं आणि पुढचं काम दुसऱ्याला जातं. मी तीसनं गेलो तर संध्याकाळी घरी काय आणू?"

दाराजवळ पाय लांब करून बसलेल्या मावशी एवढेच म्हणाल्या, "मी काय धावत नव्हते रे. चालतच होते."

सभा थोडा वेळ गप्प झाली. दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती आणि दोघांचेही म्हणणे पोटातून आलेले होते. म्हणूनच हा विषय साप्ताहिकातून सर्व कुटुंबांपुढे मांडावा असे आम्ही ठरवले.

तीस आणि पन्नास : हिशेब करून पाहू

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून. विज्ञान आमचा प्रांत नाही, पण हिशेब करता येतो. वेगाचा हिशेब शाळेतल्या गणिताने सुटतो.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. ताशी ३० ने जाणारी गाडी साधारण ८ मीटर जाते. समोर अचानक मूल आले, तर चालकाच्या डोळ्यांनी ते पाहणे, मेंदूने समजून घेणे आणि पाय ब्रेकवर पडणे यात सुमारे एक सेकंद जातोच. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी जागा लागते. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले, तर ३० ने जाणारी गाडी एकूण १४ मीटरच्या आत थांबते. ५० ने जाणाऱ्या गाडीला २८ मीटर लागतात.

आता समजा, मूल १४ मीटरवर आहे. तीसची गाडी त्याच्यापुढे येऊन थांबेल. चालक दोन शिव्या देईल, मूल रडेल आणि सगळे आपापल्या घरी जातील. पन्नासची गाडी त्या ठिकाणी पोचेल तेव्हा चालकाचा पाय नुकताच ब्रेकवर पडलेला असेल. म्हणजे ती जवळपास पूर्ण वेगानेच धडकेल. पावसात रस्ता ओला असला तर हे अंतर आणखी वाढते.

धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० ला ३० ने भागले तर उत्तर पावणेदोनच्या आत येते, पण जोर पावणेतीन पटींहून जास्त होतो. आमच्या वस्तीत चटकन समजावे म्हणून आम्ही इमारतीचे उदाहरण दिले. ताशी ३० ची धडक म्हणजे साधारण ११-१२ फुटांवरून, पहिल्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. माणूस जखमी होतो, पण बहुधा वाचतो. ताशी ५० ची धडक म्हणजे ३२ फुटांवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणे. आणि ताशी ७० म्हणजे सहाव्या मजल्यावरून. आपल्या मुलाला तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आपण कुणी बसू देणार नाही. मात्र रोज सकाळी शाळेच्या वाटेवर त्याला तेवढ्याच धोक्यापुढे उभे करतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या रस्ते सुरक्षेच्या जागतिक परिषदेनेही जाहीर केले, की जेथे पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकाच ठिकाणी वावरतात, तेथे ताशी ३० हून अधिक वेग नसावा.

मरतो कोण?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक. त्यांतील ३२,८२५ जण पायी चालणारे होते, म्हणजे रोज सुमारे नव्वद. दुचाकीवर मेलेल्यांचा वाटा तर सर्वांत मोठा, शंभरात ४४ हून अधिक आहे. दर दहा मृत्यूंपैकी सात मृत्यूंच्या नोंदीत 'अतिवेग' हे कारण लिहिलेले आहे.

हे आकडे नीट वाचा. पायी चालणारे आणि दुचाकीवाले हे मिळून निम्म्याहून जास्त होतात. बैठकीतील मावशी आणि डबे पोचवणारा मुलगा एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते, पण सरकारी वहीत दोघेही एकाच पानावर आहेत. दुचाकीस्वाराला ना पत्र्याचे कवच, ना हवेची पिशवी. त्याच्यावर मागून मोटार आली तर तोही मावशींइतकाच उघडा आहे.

"आपल्या शहरात गाड्या पळतात कुठे, रांगतातच की!" असे कुणी म्हणेल. दुपारी ते खरे आहे. पण देशातील अपघातांच्या नोंदीत सर्वांत वाईट वेळ सायंकाळी सहा ते रात्री नऊ ही निघते. बायाबापड्या कामावरून परततात, मुले शिकवणीहून येतात, त्याच या वेळा. आणि रात्र झाली, रस्ता मोकळा झाला, की तोच रांगणारा रस्ता शर्यतीचे मैदान होतो.

आपला कायदा काय सांगतो

६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारीसाठी ७०, दुचाकीसाठी ६० आणि तीनचाकीसाठी ५० अशी कमाल मर्यादा ठरवली. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने, अपघातात ९० टक्के अपंगत्व आलेल्या एका दंतवैद्य महिलेच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात, वेगमर्यादा वाढवण्याच्या या धोरणावर कडक ताशेरे ओढले, ती अधिसूचना रद्द ठरवली आणि मर्यादा खाली आणण्यास सांगितले. म्हणजे हा वाद आपल्याकडे न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे.

आपल्या कामाची गोष्ट मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ मध्ये आहे. केंद्राने ठरवलेला आकडा हा कमाल आकडा असतो. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा एखाद्या रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप पाहून त्याहून कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला आहे. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना निघावी लागते आणि रस्त्यावर फलक लागावा लागतो. म्हणजे आमचा अर्ज भीक मागणारा नव्हता. कायद्यात जे आहे, तेच तो मागत होता.

नव्वद वर्षांपूर्वीचा तोच वाद

वेगमर्यादा कमी करा म्हटले की लोक चिडतात, ही गोष्ट आजची नाही. ब्रिटनमध्ये १९०३ पासून मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा होती. ती कुणी पाळत नाही, या सबबीवर १९३० साली मोटारींवरील मर्यादा काढूनच टाकली. त्यानंतर १९३४ साली एका वर्षात ७,३४३ माणसे रस्त्यावर मेली. मृतांत पायी चालणाऱ्यांचा वाटा फार मोठा होता. तेव्हाचे वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या काळात १९३५ च्या मार्चपासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली. स्वातंत्र्यावर घाला म्हणून मोटारवाल्यांनी ओरड केली. पण त्या वर्षी मृतांचा आकडा खाली आला आणि ती मर्यादा पुढे तशीच टिकली. ज्या तीस मैलांना तेव्हा जुलूम म्हटले, तेच तीस मैल पुढच्या पिढ्यांना आपला हक्क वाटू लागले.

वेल्समधील गदारोळ

त्याच ब्रिटनचा वेल्स हा एक भाग. लोकसंख्या सुमारे ३१ लाख. एकेकाळी कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या कामगारांसाठी तो ओळखला जाई. तेथील कायदेमंडळाने २०२२ साली मंजुरी दिली आणि १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील रस्त्यांवर ३० ऐवजी २० मैल ही सर्वसाधारण मर्यादा लागू झाली. आपल्या हिशेबात ताशी ४८ किलोमीटरवरून ३२ वर. ज्या रस्त्यांवर गरज नाही, तेथे जुनी मर्यादा ठेवण्याची मुभा स्थानिक संस्थांना होती.

त्यावर एवढा गदारोळ उठला की कायदेमंडळाच्या अर्जविभागात हा निर्णय रद्द करा म्हणून ४ लाख ६९ हजारांहून अधिक सह्या आल्या. तेथे एवढ्या सह्या पूर्वी कोणत्याच अर्जावर आल्या नव्हत्या. फलकांवर रंग फासले गेले. बसचे वेळापत्रक कोलमडेल, धंदा बुडेल, वेळ जाईल, असे आक्षेप आले. सरकारच्याच कागदपत्रांत वेळेच्या नुकसानीची मोठी रक्कम लिहिलेली होती आणि विरोधकांनी ती गावोगाव सांगितली.

पहिल्या वर्षाच्या पोलीस नोंदी आल्या तेव्हा २० आणि ३० मैलांच्या रस्त्यांवर मेलेल्या आणि जखमी झालेल्या माणसांची संख्या सुमारे चौथाईने घटलेली दिसली. यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी : मर्यादा दहा मैलांनी उतरवली तरी प्रत्यक्षात सरासरी वेग चार मैलांच्या आसपासच उतरला होता. म्हणजे सगळ्यांनी नियम तंतोतंत पाळला असे नाही. थोडा वेग उतरला, तेवढ्याने शेकडो घरांतील माणसे धडधाकट राहिली.

पण वेल्सच्या सरकारने चुकाही कबूल केल्या. २०२४ साली नवे परिवहन मंत्री केन स्केट्स यांनी सांगितले, की लोकांचे ऐकायला हवे होते. काही मोठ्या रस्त्यांवर मर्यादा पुन्हा ३० करण्याचा मार्ग मोकळा केला जाईल. शाळा, दवाखाने, वस्ती, बाजार येथे २० आणि मुख्य रस्त्यांवर गरजेप्रमाणे ३०, असा तो तडजोडीचा विचार होता. निर्णय योग्य असला तरी लोकांना बाजूला ठेवून तो घेतला की लोक बिथरतात, हा धडा आम्ही त्यातून घेतला.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे हे काम घाईने झाले नाही. कित्येक वर्षे टप्प्याटप्प्याने मर्यादा उतरवत नेली. आज तेथील निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. जुलै २०२५ मध्ये त्या शहराने जाहीर केले, की मागील बारा महिन्यांत तेथे रस्ते अपघातात एकही माणूस मेला नाही. जवळपास सात लाख वस्तीचे ते शहर आहे. तेथे नुसते फलक लावले नाहीत. रस्ते अरुंद केले, कडेला झाडे लावली, ओलांडण्याच्या जागा सुधारल्या, कॅमेरे बसवले आणि बस-ट्राम चांगली चालवली.

आपल्याच माणसांचे आक्षेप

आता पुन्हा आमच्या समाजमंदिरात येऊ. तीन आक्षेपांची उत्तरे दिल्याशिवाय ठराव करायचा नाही, असे सभेत ठरले.

पहिला आक्षेप वेळेचा. पाच किलोमीटर अंतर ५० ने न थांबता गेले तर सहा मिनिटे लागतात आणि ३० ने दहा मिनिटे. फरक चार मिनिटांचा. पण शहरात न थांबता कोण जातो? सिग्नल, वळणे, गर्दी धरली तर तो फरक एक-दोन मिनिटांवर येतो. पन्नासने पळालेला पुढच्या सिग्नलला उभा राहतो आणि तीसने आलेला त्याच्या शेजारी येऊन थांबतो. जमेच्या बाजूला दोन मिनिटे, खर्चाच्या बाजूला एक पाय. असा ताळेबंद आम्ही कार्यालयात मांडला असता तर साहेबांनी वही परत फेकली असती.

दुसरा आक्षेप डबे पोचवणाऱ्या मुलाचा. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्याच्यावर वेळेची घाई लादली कुणी? मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ अतिवेगाच्या दंडाचे आहे. हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, मध्यम आणि अवजड वाहनाला दोन ते चार हजार. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या नोकराला किंवा ताब्यातील माणसाला अतिवेगाने गाडी चालवायला लावणाराही दोषी धरला जातो. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पोचणे शक्य नाही, अशी वेळ ठरवून देणे हा त्या गुन्ह्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानता येतो. म्हणजे या मुलाचा झगडा मावशींशी नाही. त्याने मालकाला विचारले पाहिजे : तुम्ही दिलेल्या मिनिटांत मी कायदा पाळून पोचू शकतो का? हा प्रश्न एकट्याने विचारला तर काम जाईल. पन्नास जणांनी मिळून विचारला तर ऐकावे लागेल. अशा मुलांनी संघटित व्हावे, असे आम्ही त्याला सांगितले. तो हसला, पण नंबर घेऊन गेला.

तिसरा आक्षेप रिक्षावाल्या दादांचा, आणि तो आम्हांला सर्वांत वजनदार वाटला. नुसता फलक लावला तर काही बदलत नाही. रस्ता धावपट्टीसारखा रुंद आणि सरळ ठेवायचा, त्यावर तीसचा फलक ठोकायचा आणि कोपऱ्यात कॅमेरा लावून बसायचे. याने वेग उतरत नाही, फक्त पावत्या फाटतात. म्हणून दादांच्याच सूचनेवरून आम्ही अर्जात दुरुस्ती केली. मर्यादा कमी करा, आणि तिच्याबरोबरच रस्ताही बदला. वस्तीच्या दोन्ही टोकांना स्पीडब्रेकर आणि त्यावर पांढरे पट्टे. ओलांडण्याची जागा फूटपाथच्या उंचीला आणा, म्हणजे गाडीला चढावेच लागेल. मध्ये डिव्हायडरला उभे राहण्यापुरती जागा द्या. दिवे लावा. फूटपाथ मोकळा करा.

कुणीतरी म्हणाले, पादचारी पूल मागा. त्यावर मावशींनी आपला पाय दाखवला. साठ पायऱ्या चढून साठ उतरायच्या कुणी? असा पूल बहुधा चालणाऱ्याच्या सोयीपेक्षा गाडीला थांबावे लागू नये म्हणून असतो. पुलाची मागणी आम्ही अर्जातून वगळली.

घरात आणि वस्तीत काय करावे

आयाबहिणींनो, मुलाला आपण रोज बजावतो, "बघून चाल." ते बजावलेच पाहिजे. पण लहान मुलाला अंगावर येणाऱ्या गाडीचा वेग मोठ्यांसारखा ओळखता येत नाही. त्याची नजर आणि अंदाज अजून तयार होत असतो. उंचीही अशी की उभ्या गाडीमागून ते चालकाला दिसत नाही. म्हणून लहान मुलांना हात धरूनच रस्ता ओलांडू द्या, उभ्या बसच्या किंवा टेम्पोच्या पुढून ओलांडू देऊ नका. आणि अपघात झाला की "त्यालाच बघून चालता येत नव्हते" हे वाक्य आधी आपल्या तोंडातून काढून टाका. चालणे हा गुन्हा नाही.

घरात मुलगा मोटारसायकल मागत असेल, तर घेऊन देण्याआधी वरचा मजल्यांचा हिशेब त्याच्याकडून वहीवर करवून घ्या. हेल्मेट दोघांनाही, मागे बसणाऱ्या बहिणीला आणि आईलाही. आपण स्वतः गाडीवर असू तेव्हा वस्तीतून, शाळेसमोरून, बाजारातून तीसच्या आत चालवू, हा नियम आधी आपल्याला लावू. तो पाळायला अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

मावशींच्या प्रकरणासारखी धडक देऊन गाडी पळून गेली, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद करून घ्या, दवाखान्याचे कागद जपा आणि प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात अर्ज करा. मावशींचा अर्ज आम्ही भरला आहे.

वस्तीचा अर्ज करायचा असेल, तर प्रथम आठवडाभर रोज एक तास दोघांनी रस्त्यावर उभे राहून वही भरावी : किती माणसे ओलांडतात, त्यांत मुले किती, म्हातारी किती, कुठे ओलांडतात, कोणत्या वेळेला जास्त. जुन्या अपघातांच्या तारखा लिहाव्यात. शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र जोडावे. कलम ११२ चा उल्लेख करून एक प्रत वाहतूक पोलिसांना आणि एक महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला द्यावी. दोन्हीकडे आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तीस वर्षे फायली पाहिलेल्या वडीलधाऱ्या कारकुनांनी आम्हांला एकच गोष्ट शिकवली : ज्या कागदाला क्रमांक नाही, तो कागदच नाही.

आमच्या अर्जावर २१२ सह्या झाल्या. रिक्षावाल्या दादांची सही सातवी आहे. डबे पोचवणाऱ्या मुलाची सही बैठकीत झाली नव्हती. तीन दिवसांनी रात्री साडेदहाला तो आमच्या दारात आला, हेल्मेट काखेत धरून उभ्याउभ्याच सही केली आणि पुढच्या ऑर्डरला निघून गेला. मावशींना लिहिता येते. त्यांनी आपले नाव पूर्ण लिहिले.

अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. उत्तर अजून आलेले नाही. दर सोमवारी कार्यालयातून सुटल्यावर आमच्यापैकी दोघे जण चौकशीला जातात. उत्तर येईपर्यंत जात राहू.